शनिवारची बादली

वीज पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्टरच्या दुकानासमोर रांग लागायची. कोणी राउटर कडेवर घेऊन आलेलं, कोणी टीव्ही चादरीत गुंडाळून आणलेला, कोणाच्या पिशवीतून सेट-टॉप बॉक्सच्या वायरी लोंबत असायच्या. चेहरे सगळ्यांचे पडलेले आणि वाक्यही सगळ्यांचं एकच, "बंदच होता हो, तरी गेला."

टेस्टर मान वर न करता विचारायचा, "बंद होता, की पिन काढली होती?" त्यावर समोरचा म्हणायचा, रिमोटने केला होता की बंद. रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही विजेच्या तावडीतून सुटतो, असा निम्म्या शहराचा समज होता आणि तो काढता काढता टेस्टरचे केस पांढरे झाले होते.

टेस्टर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इतर लोक खिशाला पेन लावतात तिथे हा गृहस्थ टेस्टर लावायचा, एवढंच. त्याच्या लग्नाच्या फोटोतही कोटाच्या खिशातून ती पिवळी मूठ डोकावते आहे आणि बायकोच्या कपाळावरची आठी त्या मुठीकडे बघूनच पडली आहे, असं लोक म्हणायचे. दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: जळलेलं सर्किट तुमच्यासमोर उघडून दाखवलं जाईल. ही पाटी त्याच्या मेव्हण्याने रंगवली होती आणि टेस्टर तिला जागायचा. वस्तू कितीही किरकोळ असो, गिऱ्हाइकाला समोर बसवून तो ती उघडायचा आणि भिंग लावून काळा माग दाखवायचा. झटका इथून शिरला, इथे उडी मारली, इथून बाहेर पडला. माणसं खोटं बोलतात, जळलेलं सर्किट बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मग दुसरा प्रश्न यायचा, "घराला अर्थिंग आहे?" बहुतेकांना माहीत नसायचं. कोणीतरी शहाणा सांगायचा की प्लगची तिसरी पिन जात नव्हती म्हणून मोडून टाकली, आणि त्याचा टेस्टर उभा-आडवा समाचार घ्यायचा. "मोरीत नळ बसवलात, फरशी बसवलीत, जाळी बसवलीत आणि खाली पाइपच घातला नाहीत. पाणी जाणार कुठे? घरातच शिरणार ना? विजेचंही तेच आहे. तिला जमिनीत जायला वाट द्या, नाहीतर ती तुमच्या टीव्हीतून वाट काढेल." हे प्रवचन रांगेतल्या लोकांना पाठ झालं होतं. काही जण पुढचं वाक्य त्याच्याआधी म्हणायचे.

अर्थिंगचा खड्डा खणायला टेस्टर गेला की घरमालक डोक्यावर उभे राहायचे. सहा फूट झाले का, कोळसा पुरेसा घातला का, तांब्याचा पत्रा खरंच टाकला का. इतर मिस्तरींना याचा संताप यायचा. टेस्टरला नाही. उभं राहावंच, तो म्हणायचा, मातीखाली गेलेलं काम पुन्हा कोणी बघत नाही.

या वेळी मात्र वीज पडली, दुसऱ्या दिवशी रांग लागली, आणि दुकानाला कुलूप होतं. रांग तासभर उभी राहिली, मग शेजारच्या शिंप्याने सांगितलं की टेस्टरचा मेव्हणा गेला, पाटीवाला, त्याच विजेत. लोक आपापले टीव्ही उचलून निमूट परत गेले.

वीज काही पेंटरच्या, म्हणजे या मेव्हण्याच्या, अंगावर पडली नव्हती. तो घरात पलंगावर होता. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे पत्रे फवाऱ्याने रंगवून त्याची फुप्फुसं कामातून गेली होती, आणि गेले आठ महिने तो ऑक्सिजनच्या मशीनवर होता. गुडघ्याएवढी, चाकं असलेली, रात्रंदिवस घुरघुरणारी पेटी. खोलीतली हवा आत ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करायची आणि नळीतून पेंटरच्या नाकात सोडायची. "तुझ्या भावापेक्षा कमी बोलते आणि जास्त काम करते," असं पेंटर बायकोला सांगायचा. तेवढं बोलून त्याला धाप लागायची, पण बोलल्याशिवाय राहायचा नाही.

दुपारी चार वाजता घरामागच्या विजेच्या खांबावर वीज कोसळली. घरात चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला, मशीन एकदा किंचाळलं आणि थांबलं. वीस मिनिटांनी दिवे आले, मशीन आलं नाही. कोपऱ्यात अडीअडचणीला ठेवलेलं सिलिंडर सव्वा तास पुरलं. रस्त्यावर दोन झाडं आडवी पडली होती आणि बोलावलेली ॲम्ब्युलन्स त्या झाडांच्या पलीकडे अडकली होती. टेस्टर पलीकडूनच चिखल तुडवत, फांद्यांखालून सरपटत पोचला, तेव्हा सहा वाजून गेले होते. पेंटर बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळे. त्याने टेस्टरकडे बघून हात जरासा वर केला, ये म्हटल्यासारखा. आणखी अर्ध्या तासाने संपलं.

नवव्या दिवशी टेस्टरने दुकान उघडलं. झाडलोट करून खुर्चीत बसतो न बसतो तोच रिक्षा थांबली आणि त्याची बहीण उतरली. मशीन तिने स्वतःच उचलून आत आणलं.

बहिणीला सगळं घर चिमी म्हणायचं. आता पन्नाशीला आली, चष्मा लागला, तरी चिमीच. दहा वर्षांची होती तेव्हा भावाने केलेली बॅटरी हातात घेऊन अख्ख्या गल्लीत फिरली होती, माझ्या दादाने केली, माझ्या दादाने केली, आणि त्यानंतर तिने ते वाक्य आयुष्यभर सोडलं नाही.

"दादा, हे उघड," ती म्हणाली.

"आता कशाला, चिमे? ज्यांचं आहे त्यांना परत देऊन टाकू."

"त्यांचा माणूस काल आला होता. बघून गेला. तू सगळ्यांचं उघडून दाखवतोस ना? माझंही दाखव."

पाटी पेंटरने लिहिलेली. तिच्याखाली त्याची बायको उभी. टेस्टरने स्क्रू काढायला घेतले. चार स्क्रू, मग बाजूचे दोन. झाकण उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्याने सवयीने भिंग डोळ्याला लावलं आणि काळा माग शोधू लागला.

माग सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तो हिरव्या वायरीपासून सुरू झाला होता.

घरात विजेच्या दोन वायरी येतात, एक वीज आणते, एक परत नेते. तिसरी हिरवी. ती जमिनीत जाते आणि एरवी काहीच करत नाही. झटका आला की त्याला बाहेर काढायचं, एवढंच तिचं काम. या मशीनमध्ये झटका त्या हिरव्या वायरीतूनच आत शिरला होता. ज्या दाराने बाहेर जायचं, त्याच दाराने. तीस वर्षांत असा माग टेस्टरने फार थोड्या वेळा पाहिला होता आणि तो पाहिला की दर वेळी गिऱ्हाइकाला एकच सांगितलं होतं, तुमच्या घराला अर्थिंग नाही, नुसती वायर आहे.

"दिसलं का काही?" चिमीने विचारलं.

"बघतोय."

"तो माणूस म्हणाला, घराचं अर्थिंग सुकलं असेल." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दादा, मी दोन शनिवार पाणी घातलं नव्हतं. त्यांना रात्र रात्र झोप नव्हती, माझा हात सोडत नव्हते. पहिल्या शनिवारी राहिलं, दुसऱ्या शनिवारी लक्षात होतं, पण उठवलं नाही. त्यामुळे झालं का?"

टेस्टर भिंगातून वर आलाच नाही.

"तूच सांगतोस ना, खड्डा कोरडा पडला की जमीन वीज घेत नाही. मग तसंच झालं असणार."

"तसं दोन आठवड्यांनी काही..." म्हणत त्याने मशीनचं झाकण उगाच पुसायला घेतलं.

"पोरीला मी सांगून टाकलं फोनवर. लपवून काय करायचं?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आई, आठवड्याला एक बादली. तेवढंही झालं नाही तुला?" चिमीने पदर सोडला. "मग ठेवलाच तिने फोन. येत्या रविवारी येतेय."

तेवढ्यात दारात एक जण मिक्सर घेऊन उभा राहिला, आणि टेस्टर म्हणाला, "या, या, बसा." गिऱ्हाइकाचं इतकं अगत्य त्याने जन्मात केलं नव्हतं. चिमी थोडा वेळ थांबली. मग "मी जाते, तू नीट बघून सांग," म्हणून निघून गेली. मिक्सरचं नुसतं बटण तुटलं होतं.

आता खड्ड्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण टेस्टर तर ती तेवीस वर्षं कोणाला सांगत नव्हता, स्वतःलाही नाही.

चिमी आणि पेंटरने घर बांधलं तेव्हा सगळी वायरिंग टेस्टरनेच केली. बहिणीचं घर म्हणून बोर्ड चांगले, वायर जाड, सगळं एक नंबर. शेवटी राहिला अर्थिंगचा खड्डा. तो खणायला घेतला आणि अडीच फुटांवर पहार ठण्णकन वाजली. खडक. त्याने इकडे तिकडे टोचून पाहिलं, सगळीकडे ठण्ण. चार-पाच फूट बाजूला सरकून नव्याने खणायला हवं होतं आणि त्यात दिवस गेला असता. त्याच दुपारी एका डॉक्टरच्या दवाखान्याचा खड्डा पुरा करायचा होता, दुसऱ्या दिवशी तिथे तपासणी होती, आणि डॉक्टर डोक्यावर उभा राहणाऱ्यांपैकी होता. इथे डोक्यावर कोणी नव्हतं. चिमी आत चहा टाकत होती. पेंटर दाराला रंग देत शिट्टी वाजवत होता.

घरचंच तर आहे, टेस्टरने विचार केला. रविवारी येऊन करू.

खड्डा बुजू नये म्हणून त्याने त्यात पाइपचा तुकडा उभा केला. हिरव्या वायरीचं टोक चिकटपट्टी लावून पाइपात सोडून दिलं. आत बोर्डात परतीची वायर आणि हिरवी वायर यांना बोटभर तारेने जोडून टाकलं, म्हणजे दिवा लावून तपासलं तर अर्थिंग आहे असंच दिसावं. दिवा लख्ख पेटला. ही लबाडी करणाऱ्या मिस्तरींना तो स्वतः चारचौघांत नागवं करायचा.

चिमी चहा घेऊन बाहेर आली. "हा पाइप कशाला रे, दादा?"

"पाणी घालायला. आठवड्याला एक बादली घालायची, खड्डा ओला राहिला पाहिजे." खऱ्या खड्ड्याला घालतातच पाणी. त्याच्या तोंडून ते सहज निघून गेलं.

झालं. चिमीने शनिवार ठरवला. पेंटरने पाइपाच्या झाकणावर पांढऱ्या रंगात जमिनीची खूण काढली, एकाखाली एक तीन रेघा, लहान लहान होत गेलेल्या. त्या रविवारी टेस्टर आला नाही, दुसऱ्या कोणाचं काम निघालं. त्या पुढच्या रविवारी तो आला, जेवला, गप्पा मारल्या, आणि पहार आणायला विसरला. सहा महिन्यांनी आठवलं तेव्हा सांगायची लाज वाटली. वर्षाने वाटलं, काही होत तर नाहीये. चिमी शनिवारी बादली ओतत राहिली. तो कधी शनिवारी गेला तर तिला बादली घेऊन निघताना बघायचा आणि लगेच दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर बोलू लागायचा.

विसरला होता म्हणावं, तर तेही खरं नाही. आठ महिन्यांपूर्वी मशीन आलं तेव्हा त्याने स्वतः त्याच्यासाठी चांगल्यातली चांगली गार्डची डबी आणून भिंतीवर बसवली. ही डबी विजेचा झटका मध्येच पकडते आणि हिरव्या वायरीत ढकलून देते. डबी बसवताना त्याला ती हिरवी वायर कुठे जाते ते पुरतं आठवत होतं. तो अंगणात गेला, पाइपापाशी उभा राहिला, भोवती वाढलेलं गवत पाहिलं. पेंटर आतून खोकत होता. या खोकल्यात खणाखणी नको, थोडं बरं वाटू दे त्यांना, असं म्हणून तो घरी गेला.

डबीने तिचं काम चोख केलं. झटका पकडला आणि हिरव्या वायरीत ढकलला. तिकडे जमीनच नव्हती.

माणूस असा सापडला की आधी पळवाट शोधतो. टेस्टरलाही एक सापडली. वीज इतक्या जवळ पडली की चांगल्यातलं चांगलं अर्थिंगही पुरं पडत नाही, हे शास्त्र आहे, त्याने स्वतः कितीतरी जणांना सांगितलेलं. मग कशावरून खड्डा असता तर पेंटर वाचला असता? दोन दिवस तो ही एकच गोष्ट उगाळत राहिला. तिसऱ्या दिवशी, चिमी कशी आहे बघायला म्हणून गेला, तर शेजारीणबाईंनी कुंपणावरूनच हाक मारली.

"तुम्हाला धन्यवादच द्यायचे होते," त्या म्हणाल्या. "एवढी वीज पडली, पण आमच्याकडे तुम्ही बसवलेल्या डबीचा तेवढा दिवा गेला. टीव्ही, फ्रिज, सगळं जागच्या जागी. आमचे हे म्हणाले, खड्डा खणला तेव्हा मी उन्हात उभा राहिलो त्याचं चीज झालं."

तोच खांब, तीच वीज, तीच डबी. मधे नुसतं एक कुंपण. टेस्टरने मान हलवली. त्याची पळवाट त्या बाईंनी हसतमुखाने बुजवून टाकली होती.

"तुमच्या बहिणीचं मात्र बघवत नाही," शेजारीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन बादल्या ओततात हो त्या पाइपात. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, माझीच चूक झाली, निदान इथून पुढे तरी नको. भेटायला येईल त्याला तेच सांगतात. माझ्या हयगयीने गेले."

टेस्टर आत गेलाच नाही. फाटकाला हात लावून परत फिरला. रस्त्यात त्याला एका ओळखीच्याने दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली आणि तरी तो थांबला नाही. त्याला स्वतःची किळस आली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे गप्प बसलं तर हे कोणाला कधीच कळणार नाही, हेही त्याच वेळी दिसत होतं. सर्किट वाचणारा शहरात तो एकटाच होता.

शनिवारी सकाळी तो पहार, कुदळ, कोळशाचं पोतं, मिठाच्या पिशव्या, तांब्याचा पत्रा आणि नवा पाइप घेऊन बहिणीच्या अंगणात उतरला. चिमी भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून पाइपाकडे निघाली होती. बारा-तेरा दिवसांत ती निम्मी झाली होती.

"थांब. ओतू नकोस."

"का? जास्त झालं का?" तिने घाबरून बादली खाली ठेवली. "मला वाटलं, राहिलेलं भरून काढावं."

टेस्टर पाइपापाशी वाकला. पाइपाचं झाकण काढून बाजूला ठेवलं. तीन पांढऱ्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या, पेंटरने चांगला रंग वापरला होता. मग दोन्ही हातांनी त्याने पाइप धरला आणि ओढला. तो सहज वर आला. अडीच फुटांचा तुकडा. आतून हिरव्या वायरीचं वेटोळं बाहेर पडलं, टोकाला तेवीस वर्षांपूर्वीची चिकटपट्टी.

चिमी खड्ड्यावर वाकली. तळाशी खडक होता आणि खडकावर तिने ओतलेलं पाणी तसंच साचून राहिलं होतं. त्याला जायला वाट नव्हती.

"ही वायर कुठे जाते?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"खाली खडक लागला होता, चिमे. मला त्या दिवशी डॉक्टरच्या कामाला जायचं होतं. म्हटलं, रविवारी येऊन पुरं करतो."

"कुठल्या रविवारी?"

तो वायरीचं वेटोळं उलगडू लागला.

"आणि पाणी?"

"तू विचारलंस, पाइप कशाला. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

चिमीने वायरीचं ते चिकटपट्टीचं टोक बोटाने चाचपलं. "पोरीच्या वेळी दिवस भरले होते, तेव्हाही मी घातलंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हे म्हणायचे, मी घालतो, तू बस. तर मी म्हणायचे, नको, दादाने मला सांगितलंय."

"पाण्याचा काही संबंध नाही. तू रोज टाकी ओतली असतीस तरी हेच झालं असतं. मशीन उघडलं तेव्हाच मला कळलं होतं."

"त्या दिवशी?"

"हो."

"मी समोर बसले होते तेव्हा?"

"हो."

तिने खाली ठेवलेल्या बादलीची कडी उचलली आणि सोडून दिली. कडी खाली आपटली, तेवढाच आवाज. कुंपणापलीकडे शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी मान वळवली आणि परत कामाला लागल्या.

"आणखी किती घरी असं केलंयस?" चिमीने विचारलं. "त्यांना तरी सांगायला हवं. किती घरं आहेत?"

"एकही नाही."

"आता खोटं बोलू नकोस."

"खरंच सांगतो. दोनशेवर खड्डे केले, सगळे पुरे. हवं तर कोणाच्याही घरचा खणून बघ." त्याने पायाशी पडलेल्या वायरीकडे बोट दाखवलं. "फक्त इथेच."

"इथेच का?"

"घरचं होतं," टेस्टर म्हणाला.

चिमी वळली आणि आत गेली. ती परत येणार नाही असं त्याला वाटलं. त्याने पहार उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग दार वाजलं. ती पेंटरचं लोखंडी स्टूल घेऊन आली होती, तो पाट्या लिहायला ज्यावर चढायचा ते, शंभर रंगांचे थेंब पडलेलं. ते तिने खड्ड्यापासून हातभर अंतरावर, उन्हात ठेवलं आणि त्यावर बसली.

"पोरगी उद्या येतेय," ती म्हणाली. "तिला तूच सांगायचंस. मी समोर बसेन."

"सांगतो."

"आता खण."

तो पाच फूट बाजूला सरकला आणि खणू लागला. इथे खडक नव्हता. तीन फुटांवर मुरूम लागला, चार फुटांवर ओलसर माती. तासाभराने त्याने कपाळ पुसलं आणि पाणी मागावं का असा विचार केला, आणि मागितलं नाही. दुपार झाली. ऊन सरळ डोक्यावर आलं तरी चिमी हलली नाही. सहा फूट झाले म्हटल्यावर तिने टेप मागून घेतली, खड्ड्यात सोडली, वाकून आकडा वाचला आणि म्हणाली, "चार बोटं कमी आहे." त्याने आणखी चार बोटं खणलं. तांब्याचा पत्रा टाकण्याआधी तिने तो हातात घेऊन पाहिला. वायर पत्र्याला आवळल्यावर ती स्वतः ओढून बघितली. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, प्रत्येक थर पुरता पसरल्याशिवाय तिने त्याला पुढचा टाकू दिला नाही. मग आत बोर्डापाशी उभी राहून तिने त्याला ती बोटभर तार काढायला लावली आणि तळहातावर मागून घेतली.

चार वाजता दिवा लावून बघितला. लख्ख पेटला. या वेळी खरा.

टेस्टर हत्यारं गोळा करू लागला. चिमीने सकाळची बादली उचलली, नव्या पाइपात रिकामी केली आणि कान देऊन थांबली. पाणी खाली खाली जात राहिलं.

"झालं," ती म्हणाली, आणि स्टूल उचलून आत गेली. त्या अख्ख्या दिवसात तिने त्याला एकदाही दादा म्हणून हाक मारली नव्हती.